"थोडं थांबून बघू" म्हणण्याआधी: गोव्यात लहान बाळांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन कुठून आणि कसं सुरू करायचं

आमच्या वाड्यावर सकाळी साडेसहाला पदेर येतो, सायकलच्या मागे पावांची टोपली आणि हातात तो रबरी भोंपू, पों पों. आमचं पिल्लू अकरा महिन्यांचं होतं तेव्हा त्या आवाजाला झोपेतून मान वळवायचं, पण मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर ढिम्म. जवळ जाऊन मोठ्याने हाक मारली की कधी बघायचं, कधी नाही. सासूबाई म्हणाल्या, अगो पदेराचा भोंपू ऐकू येतो म्हणजे कान ठणठणीत आहेत, मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. ज्या डॉक्टरांकडे आम्ही जायचो तेही म्हणाले थोडं थांबून बघू. थांबलो. तीन महिने थांबलो आणि मग चौदाव्या महिन्यात बेरा टेस्ट (झोपलेल्या बाळाच्या कानात आवाज सोडून कानाची नस तो मेंदूपर्यंत पोचवते का ते बघतात) झाली तेव्हा कळलं की दोन्ही कानांना मॉडरेट हिअरिंग लॉस आहे, ५० डेसिबलच्या आसपास. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी समजावलं की भोंपू म्हणजे जाड, मोठा आवाज, तो पोचतो, पण आपल्या बोलण्यातले स, श, फ, त हे बारीक आवाज आहेत ते ह्याच्यापर्यंत येतच नाहीत, त्याला आपलं बोलणं म्हणजे बंद दाराआडून कुणीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येतं.

खरी चपराक नंतर बसली. घरी येऊन जन्माच्या वेळची डिस्चार्जची फाईल काढली तर त्यात एका ओळीत लिहिलेलं होतं, ओएई: दोन्ही कान रिफर. मी तेव्हा वाचलं होतं, पण मला वाटलं रिफर म्हणजे पुढे पाठवलंय, झालं. कानाच्या तपासणीत रिफर म्हणजे पास नाही झालं, परत तपासा, एवढाच अर्थ असतो. वर्षभर तो कागद कपाटात होता. त्यामुळे हे सगळं लिहायला घेतलं. आता पिल्लू चार वर्षांचा आहे, आणि ह्या काळात जे काही धक्के खात कळलं ते कुणाला तरी आयतं मिळावं म्हणून इथे टाकते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे अर्ली इंटरव्हेन्शन म्हणजे काय ते. शून्य ते तीन वर्षांत (आणि आपल्याकडे सहापर्यंत धरतात) बाळ चालणं, बोलणं, ऐकणं, बघणं, खेळणं, खाणं ह्यातल्या कशातही मागे पडत असेल किंवा मागे पडण्याची शक्यता असेल, तर तेव्हाच थेरपी आणि मदत सुरू करायची. ह्या वयात मेंदूची जुळणी सगळ्यात वेगाने चालू असते, म्हणून तेच काम पाचव्या वर्षी केलं तर जास्त मेहनत आणि कमी फळ. आणि "शक्यता असेल" हे शब्द महत्त्वाचे आहेत. अपुऱ्या दिवसांचं बाळ, जन्मल्यावर रडलं नाही, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलं, खूप कावीळ झाली, फिट आली, डाऊन सिंड्रोम आहे, असल्या बाळांनी मागे पडायची वाटच बघायची नसते, त्यांचा फॉलोअप पहिल्या महिन्यापासून हवा.

काय बघायचं

सगळ्यात आधी वय नीट मोजा. पिल्लू ३२ आठवड्यांचं जन्मलं, म्हणजे ८ आठवडे लवकर. म्हणून ते सात महिन्यांचं असताना त्याच्याकडून पाच महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची, ह्याला करेक्टेड वय म्हणतात आणि दोन वर्षांपर्यंत हेच वापरतात. पण लोक ह्याचीच ढाल करून घेतात, "लवकर जन्मलाय ना, येईल हळूहळू". दोन महिने वजा करून सुद्धा मागे असेल तर मागे आहे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, तिथे वजाबाकी नाही.

हेल्थ सेंटरमधून गरोदरपणात जे माता-बाल कार्ड मिळतं त्यात मागच्या पानांवर चित्रांसकट टप्पे दिलेले असतात, आपण फक्त लसीचं पान उघडतो. थोडक्यात सांगायचं तर: तीन महिने उलटले तरी चेहरा बघून हसत नाही, चार-पाच महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही, तर दाखवा. वर्षाचं होऊन बाबाबा-दादादा अशी बडबड नाही, नावाला वळत नाही, सोळा महिन्यांत एक शब्द नाही, दोन वर्षांत "दूद दी" असं दोन शब्द जोडून स्वतःहून बोलत नाही, तर दाखवा. दीड वर्ष होत आलं आणि हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आपल्याला काहीतरी बघायला लावत नाही, हे तर लोकांच्या लक्षातच येत नाही कारण मूल हात धरून फ्रिजकडे ओढत नेतं आणि आपल्याला ते गोड वाटतं.

काही गोष्टी कार्डावर नसतात पण थेरपिस्ट हमखास विचारतात. वर्षाच्या आत बाळ एकाच हाताने सगळं करतंय, दुसरी मूठ मिटलेलीच, तर "डावखुरा होणार" म्हणून कौतुक करू नका, इतक्या लवकर हात ठरत नसतो, दुसऱ्या हातात ताकद कमी आहे का ते बघायला हवं. लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे घट्ट होतात का. उचलल्यावर पिठाच्या गोळ्यासारखं हातातून सरकतं का. पेज भरवताना दर वेळी ठसका लागतो का. आणि एक सगळ्यात मोठी धोक्याची खूण: जे येत होतं ते गेलं. चार शब्द बोलत होतं, बंद झालं. टाटा करत होतं, बंद झालं. ह्यात एक आठवडाही थांबू नका, वय कितीही असो.

थेरपीच्या आधी कान आणि डोळे

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण बोलत नाही म्हटलं की सगळे थेट स्पीच थेरपी शोधतात. कान तपासल्याशिवाय स्पीच थेरपी म्हणजे टाकीत पाणी आहे का न बघता नळ दुरुस्त करणं.

कानाचं गणित १-३-६ असं लक्षात ठेवा. पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत ऐकायचं मशीन आणि थेरपी सुरू. ओएई ही दोन मिनिटांची तपासणी, कानात छोटी प्रोब घालतात, दुखत नाही. पण एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही, कारण कानाच्या नसेचा प्रॉब्लेम त्यात सुटू शकतो, त्यांना बेराच करून घ्यायची. डिस्चार्जच्या कागदावर पास लिहिलंय की रिफर ते आजच बघा, आत्ता उठून बघा.

बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं, आणि इथे आमची फजिती झाली ती सांगते. डिचोलीहून निघालो, बाळ गाडीत मस्त झोपलं, तिथे पोचलो आणि टक्क जागं. औषध देऊनही झोपेना, तारीख गेली. दुसऱ्या वेळी सकाळी पाचला उठवलं, वाटभर माझी बहीण मागच्या सीटवर बसून त्याला खुळखुळा दाखवून जागं ठेवत होती, केस आदल्या दिवशी धुतले होते कारण इलेक्ट्रोड तेलकट कातडीला चिकटत नाहीत, दूध तिथे पोचल्यावरच दिलं. दहा मिनिटांत झोपला.

डोळ्यांचं: बाळ ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलं किंवा वजन २००० ग्रॅमच्या खाली असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्याच्या पडद्याची आरओपी तपासणी झालीच पाहिजे, अगदीच लहान बाळांची त्याहून आधी, दोन-तीन आठवड्यांत. वेळेत लेझर झालं तर नजर वाचते, उशीर झाला तर नाही. ह्यात करेक्टेड वय वगैरे काही नाही. आणि बाळ सुस्त, बद्धकोष्ठ, जीभ बाहेर असं असेल तर थायरॉईड, रक्ताची साधी टेस्ट आहे, पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर पुढचं मोठं नुकसान टळतं.

जायचं कुठे

आपल्याकडे सरकारी सोय आहे आणि ती फुकट आहे, फक्त तिचं नाव कुणाला माहीत नसतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आरबीएसके म्हणतात. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातली दिरंगाई अशी चार प्रकारची तपासणी होते. ह्याची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायची असते. तुमचं बाळ अंगणवाडीत जात नसलं तरी नाव घालून ठेवा आणि सेविकेला सांगा टीम येईल तेव्हा फोन कर, ह्या बायका वाड्यावरच्याच असतात, सांगितलं की करतात.

त्या टीमने किंवा हेल्थ सेंटरच्या डॉक्टरने पुढे पाठवायचं ते जिल्ह्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरला, डीईआयसी. कल्पना अशी की एकाच जागी मुलांचे डॉक्टर, फिजिओ, ऑडिओलॉजी, स्पीच, सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर, डोळे, दात सगळं मिळावं. उत्तरेतल्या लोकांनी म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलात, ज्याला जुने लोक अजून आझिलोच म्हणतात, आणि दक्षिणेतल्यांनी मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात, म्हणजे आपल्या हॉस्पिसियोच्या वारसदाराकडे, मुलांच्या ओपीडीत जाऊन "डीईआयसीला पाठवा" असं स्पष्ट म्हणायचं. नुसतं "बाळ बोलत नाही" म्हटलं तर टॉनिक लिहून मिळायची शक्यता असते, हा माझा अनुभव. मोठ्या तपासण्या, ऑपरेशन, न्यूरॉलॉजी असलं काही असलं की बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज.

सरकारीच्या बाहेर सेतू ही मुलांच्या विकासावर काम करणारी संस्था गोव्यात बरीच वर्षं आहे, पर्वरीचं संजय स्कूल आहे, फोंड्याला ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान आहे, दोन्ही विशेष मुलांसाठी. शाळा म्हटलं की लोक बिचकतात, "आमचं मूल तसलं नाही". अहो दाखल करायला सांगत नाही, तिथल्या लोकांनी आयुष्यभर अशीच मुलं बघितलेली असतात, त्यांना विचारलं तर पुढची वाट कळते.

आता ह्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: एका लायनीत उभं राहू नका, तीन लायनींत एकदम उभे राहा. डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियनची (मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांची) तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली? घ्या. पण त्याच आठवड्यात कान तपासायला जा, आणि त्याच आठवड्यात जवळच्या फिजिओ किंवा स्पीच थेरपिस्टला दाखवून घरी काय करायचं ते विचारून सुरू करा. निदानाचं नाव मिळाल्याशिवाय थेरपी सुरू करता येत नाही हा मोठा गैरसमज आहे. मान धरत नाही ह्याला नाव काहीही असो, मानेचा व्यायाम तोच.

पहिल्या अपॉइंटमेंटला

एक जाड फाईल करा. जन्माचा दाखला, डिस्चार्ज समरी, माता-बाल कार्ड, झालेल्या सगळ्या टेस्ट, बाल आधार (पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, निळं कार्ड मिळतं, लवकर काढून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी मागतात). मूळ कागद कुणाच्याही हातात सोडायचे नाहीत, झेरॉक्सचा वेगळा सेट.

आणि व्हिडिओ. डॉक्टरसमोर बाळ रडतं किंवा झोपतं, घरी जे करतं ते तिथे करत नाही. तीन-चार छोटे व्हिडिओ पुरतात: जेवताना, जमिनीवर खेळताना, मागून नाव घेऊन हाक मारताना (हात न लावता, मोबाईलचा आवाज बंद ठेवून), आणि ती विचित्र वाटणारी गोष्ट जी तुम्हाला खटकते. मी कसला व्हिडिओ नेला होता माहितेय? बर्थडेचा. त्यात डीजे वाजत होता आणि पिल्लू दिसतच नव्हतं.

प्रश्न कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर डोकं रिकामं होतं. मी विचारायचे ते चार: आत्ता सगळ्यात महत्त्वाचं काय, घरी रोज काय करू, परत कधी यायचं, आणि काय दिसलं तर त्याआधीच यायचं. "थांबून बघू" असं उत्तर आलं तर शांतपणे विचारायचं, किती दिवस, आणि तोपर्यंत काय बघायचं. तारीख दिली तर तो सल्ला, तारीख नाही तर ती टोलवाटोलवी.

असेसमेंट आणि ते इंग्लिशमधलं रिपोर्ट

पहिली साधी चाळणी असते, त्यात टीडीएससी नावाचा तक्ता वापरतात, तो तिरुअनंतपुरमला तयार झालेला, किंवा १६ ते ३० महिन्यांच्या मुलांना एम-चॅट म्हणून २० प्रश्नांची यादी, ऑटिझमची शक्यता बघायला. चाळणीत अडकलं म्हणजे निदान झालं नाही, नीट तपासा एवढंच. त्यानंतरची मोठी तपासणी, अडीच वर्षांपर्यंत बहुतेक ठिकाणी डॅसी, त्यात ठोकळे, कप, घंटा घेऊन तास-दीड तास बाळाशी खेळतात आणि शेवटी डीक्यू म्हणून, वयाच्या मानाने विकास किती ते सांगणारा, आकडा देतात.

तो आकडा बघून रडू नका, मी रडले. तो त्या दिवसाचा, त्या मूडचा फोटो आहे. रिपोर्टमध्ये खरी कामाची ओळ खाली असते, कुठल्या भागात किती महिन्यांचं काम करतंय आणि पुढे काय करायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना बहुतेक वेळा ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले (एकापेक्षा जास्त बाबतींत विकास मागे) असं लिहितात, मतिमंदत्व असं नाही, कारण इतक्या लहान वयात ते ठरवत नाहीत. सासरच्या कुणी गूगल करून घाबरवायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

थेरपी म्हणजे बाकीचे २३ तास

आठवड्यातून दोनदा पाऊण तास थेरपिस्टकडे, उरलेला वेळ बाळ तुमच्याकडे. म्हणून चांगला थेरपिस्ट तुम्हाला शिकवतो. दार बंद करून आई-बाबांना बाहेर बसवणारी जागा असेल तर कारण विचारा, आणि दर वेळी निघताना "घरी काय" हे विचारल्याशिवाय उठू नका. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ह्यांची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वसन परिषदेकडे) नोंदणी असावी लागते, नंबर विचारायला लाजू नका.

आमच्या फिजिओने पहिल्या दिवशी घरची दिनचर्या विचारली. मी म्हटलं सकाळी पेज, मग न्हाण, मग झोप. तिने कुठलंही मशीन काढलं नाही. म्हणाली न्हाण घालताना तेल लावता ना, मग पालथं घालून लावा, छातीखाली पंचाची गुंडाळी ठेवा, समोर स्टीलची वाटी ठेवा, त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसेल आणि मान वर येईल. दिवसातून पाच वेळा दोन-दोन मिनिटं, एकदम वीस मिनिटं नको. तिसऱ्या आठवड्यात वाटीकडे हात गेला आणि वाटी जमिनीवर ठण्ण करून फिरली, सासूबाई देवघरातून धावत आल्या. वॉकर मात्र तिने उचलून माळ्यावर टाकायला सांगितला, त्याने चालणं लवकर येत नाही, उलट पडायचा धोका. माझ्या भावाने हौसेने आणलेला, महिनाभर बोलत नव्हता.

बोलण्याचं पण तसंच. कानाला मशीन लागलं म्हणजे दुसऱ्या दिवशी बोलणार असं नसतं, ऐकायला शिकावं लागतं. थेरपिस्ट मॅडमनी सांगितलेलं मी पेजेवर वापरलं. ताट समोर, पेज भांड्यात, चमचा माझ्या हातात. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं, "पेज" म्हणायचं आणि गप्प राहायचं. मनात दहा आकडे मोजायचे. हे गप्प राहणं सगळ्यात कठीण, आपण आया एका दमात पाच वाक्यं बोलतो, पेज हवी का, गरम आहे हं, आ कर, शाणो माझो. बाळाला आत शिरायला फटच मिळत नाही. दहा मोजेपर्यंत त्याने चमच्याकडे बघितलं, हात हलवला, काहीही आवाज केला तर ते बोलणं समजून लगेच द्यायचं. सतराव्या दिवशी "पे" आला. मी लिहून ठेवलाय.

दोन वाट्या समोर धरा, एकीत केळं एकीत पेज, निवडू द्या. आवडती वस्तू झाकण घट्ट असलेल्या पारदर्शक डब्यात घाला, म्हणजे मदत मागायला तुमच्याकडे यावं लागेल. तुम्ही जे करताय ते छोट्या वाक्यात बोला, "नारळ फोडला", "पाणी सांडलं". मोबाईल दोन वर्षांपर्यंत अजिबात नाही असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं आहे. जेवताना कार्टून बंद केल्यावर आमच्याकडे चार दिवस रणकंदन झालं, पाचव्या दिवशी जेवला.

जेवणाचं एक: वारंवार ठसका, जेवताना आवाज ओलसर होणं, परत परत न्यूमोनिया असं असेल तर घरी प्रयोग करू नका, स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या. पेज किती दाट, बाळाला कसं बसवायचं हे तेच ठरवतात. आडवं झोपवून नाक दाबून भरवणं ही पद्धत अजून काही घरांत आहे, कृपा करून नको.

भाषा कुठली

गोव्यात हा प्रश्न येणारच. घरी कोंकणी, आजोबा मराठी पेपर वाचून दाखवणार, टीव्ही हिंदी, प्लेस्कूल इंग्लिश. कुणीतरी सांगतं, ह्याचा गोंधळ होतोय, फक्त इंग्लिश बोला. तसं नसतं. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाडाने बोलता येतं, रागावता येतं, झोपवताना गाणं म्हणता येतं तीच बोला, तुटक्या इंग्लिशमध्ये "कम बेबी, सिट बेबी" करून बाळाला मिळतात दहा शब्द, आणि आजीशी त्याचं बोलणंच बंद होतं. आम्ही घरी कोंकणी-मराठी जसं बोलतो तसंच ठेवलं, थेरपिस्टला घरातल्या शब्दांची यादी दिली, उदक, पेज, मामा, भायर. ती तेच शब्द घेऊन काम करायची.

कागदपत्रं

थेरपीच्या बाजूने हे चालू राहू दे, थेरपीच्या आधी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक योजना लागू होतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तिथेच हॉस्पिटल निवडायचं, मग बोर्डाची तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८० पिवळं, त्याच्या वर निळं. बौद्धिक विकासाच्या बाबतीत एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय सर्टिफिकेट देत नाहीत, आणि लहान मुलांचं बहुतेक तात्पुरतं असतं, परत तपासायची तारीख असते, ती चुकवू नका. कानाच्या बाबतीत कायद्यातली व्याख्याच दोन्ही कानांना ६० डेसिबलपासून सुरू होते, म्हणून आमचं पिल्लू ४० टक्क्यांत बसलंच नाही. आधी वाईट वाटलं (कसलं विचित्र, टक्के कमी आले म्हणून वाईट वाटणं), पण थेरपी सर्टिफिकेटवर अडत नाही, मशीन आम्ही स्वतः घेतलं.

ज्यांना मिळेल त्यांच्यासाठी: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना घ्याच. वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा, आणि त्यात ओपीडीतल्या थेरपीचा खर्चही येतो, जो नेहमीच्या विम्यात मिळत नाही. दर वर्षी रिन्यू करावा लागतो, वर्ष ३१ मार्चला संपतं. मशीन, कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्टा), विशेष खुर्ची आणि लहान मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) ह्यासाठी केंद्राची एडिप योजना आहे, उत्पन्नाची अट असते. गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना फक्त म्हाताऱ्यांची नाही, दिव्यांगांनाही आहे. जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असाल तर दिव्यांग मुलासाठी ७५ हजार, आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार वजावट. घरात आई सरकारी नोकरीत असेल तर बालसंगोपन रजा विचारा, केंद्राच्या नियमात ती एकूण ७३० दिवसांची आहे आणि दिव्यांग मुलासाठी वयाची अट नाही.

कौल, दृष्ट आणि स्टेम सेल

देवाकडे कौल लावला, दृष्ट काढली, आम्हीही केलं, घरच्यांचं मन राखायला हरकत नाही. फक्त "चवथीपर्यंत थांबू, मग बघू" ह्याला नाही म्हणायचं. सासूबाईंनी प्रसाद लावला आणि उजवा कौल आला तो नेमका बेराच्या आदल्या दिवशी, मग त्याच फाईल घेऊन सगळ्यात आधी गाडीत बसल्या.

भीती खरी दुसऱ्याच लोकांची. "ऑटिझम पूर्ण बरा करतो", "सहा महिन्यांत बोलणार", लाखांचं पॅकेज आधी भरा. स्टेम सेलचं तर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या समितीनेच सांगितलं की ऑटिझमसाठी ह्याची शिफारस करता येत नाही. ज्याला बाळ न बघता फोनवर गॅरंटी देता येते त्याला टाळा. त्यापेक्षा ज्यांची मुलं दोन वर्षं पुढे आहेत अशा आई-बाबांना भेटा. २०२३ पासून गोव्यात पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव होतो, तिथे मी स्टॉल बघायला गेले आणि एका पेडण्याच्या आईशी बोलत दोन तास जमिनीवर बसले, कानाचे मोल्ड (मशीन कानात बसवायचा मापाचा साचा) कुठे चांगले करून मिळतात हे तिने सांगितलं.

मोल्डवरून आठवलं, मशीन वापरणाऱ्यांसाठी. बाळाचा कान वाढतो, मोल्ड सैल झाला की शिट्टी वाजायला लागते, पहिल्या दोन वर्षांत दर काही महिन्यांनी नवीन करावा लागतो, शिट्टी वाजते म्हणून मशीन काढून ठेवू नका. टोपीला किंवा शर्टाला दोरीची क्लिप लावा, आमचं एकदा मांडवीच्या फेरीबोटीत काठावरून थोडक्यात वाचलं. आणि जून आला की गोव्याची ओल. रात्री झोपताना बॅटरीचं दार उघडून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात मशीन ठेवायचं. सकाळी पदेर यायच्या आत ते कानात असलं पाहिजे, कारण हल्ली तो पिल्लूला नावाने हाक मारतो आणि हा दारातून ओरडतो, "दोन उंडे!"